काकांच्या निकालाची नक्कल: बेळगाव सीमाभागातल्या कोर्टांत तीन फेऱ्या

बांधावरच्या भांडणातून 2003 साली आमच्या काकांवर मारामारीची केस झाली आणि 2008 मध्ये ते निर्दोष सुटले. पुढे घरात त्या केसचं नावही कुणी काढलं नाही. यंदा मुलीकडे दुबईला जायचं म्हणून त्यांनी पासपोर्टचा अर्ज केला, तेव्हा पोलीस पडताळणीत तो गुन्हा वर आला. "मी सुटलोय की गे, आता आणि काय पाहिजे त्यांना?" काकांनी फोनवर विचारलं. पाहिजे होता निकालाचा कागद, आणि तो आमच्याकडे नव्हता. सुटल्याच्या आनंदात सगळे घरी आले होते, नक्कल मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कितीतरी घरांत हीच गत आहे. कुणावर बांधाची केस, कुणावर भाषेच्या आंदोलनातली. माणूस सुटतो, पण कागद कोर्टातच राहतो, आणि मुलाच्या नोकरीच्या वेळी नाही तर पासपोर्टच्या वेळी तोच कागद आडवा येतो. म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहिते आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण दुसरी बाजूही आमच्याच गावात राहते.

पहिली फेरी फुकट गेली. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने बेळगावला उतरले, काकांना घेतलं आणि तालुक्याच्या कोर्टात गेलो. आमच्याजवळ काकांचं नाव आणि "2003 च्या आसपास" एवढीच माहिती होती. एवढ्यावर कुणीही फाइल शोधून देत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. व्हरांड्यात एका माणसाने मात्र दोन हजार रुपयांत फाइल काढून द्यायची तयारी दाखवली. काका खिशात हात घालायला लागले होते, मी त्यांना तसंच बाहेर घेऊन आले. नक्कल मिळणं हा आरोपीचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी कोर्ट फी आणि पानागणिक नकलेचा खर्च भरायचा असतो, त्यापलीकडे कुणाला काही द्यायचं नसतं.

तेव्हा आधी घरी शोधाशोध करा. सगळ्यात मोलाचा असतो खटल्याचा नंबर. महाराष्ट्रातल्या लोकांना 'आरसीसी' नंबरची सवय असते. कर्नाटकात मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या फौजदारी खटल्याला 'सीसी' नंबर असतो आणि सेशन्स खटल्याला 'एससी'. पोलीस ठाण्याचा गुन्ह्याचा नंबर वेगळा, इकडे त्याला 'गुन्ना नंबर' म्हणतात. दोन्हींची गल्लत झाली की दिवस वाया जातो. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सोसायटीच्या पावत्यांखाली, एक जुनं समन्स सापडलं. कन्नडमधलं, घडीवर फाटलेलं, पण त्यावर सीसी नंबर आणि कोर्टाचं नाव स्पष्ट होतं. समन्स नसेल तर जामिनाचे कागद बघा, वकिलांकडे विचारा. वकील हयात नसतील तर त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना गाठा. जुन्या डायऱ्या बरेच जण जपून ठेवतात.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर खटला घरबसल्या शोधता येतो. राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडायचं, मग पक्षकाराच्या नावावरून, एफआयआर नंबरवरून किंवा खटल्याच्या नंबरवरून शोधायचं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो मिळाला की बाकीची माहिती एका क्लिकवर येते. नावाने शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा घोळ होतो. आपण 'त'साठी नुसता 'टी' लिहितो, कर्नाटकात बऱ्याचदा 'टीएच' लिहितात, त्यामुळे मारुती, भारती अशी नावं दोन्ही तऱ्हांनी शोधा. आडनाव कधी गाळलेलं असतं आणि नुसतं वडिलांचं नाव लावलेलं असतं. 'प्रलंबित' आणि 'निकाली' हे पर्यायही वेगवेगळे तपासा. कोर्टांचं संगणकीकरण होण्याआधी निकाली निघालेले खटले मात्र तिथे नसू शकतात. काकांचा नव्हता. म्हणून केस झालीच नव्हती असं समजू नका. आणि तिथून उतरवलेला निकाल वाचायला चालतो, सही-शिक्क्याच्या नकलेऐवजी तो कुणी धरत नाही.

सीमेवरच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट. घर बेळगाव तालुक्यात आणि शेत चंदगड तालुक्यात, अशी कुटुंबं आपल्याकडे आहेत. खटला चालतो तो गुन्हा जिथे घडला त्या हद्दीत. त्यामुळे आधी पोलीस ठाणं कुठलं ते पक्कं करा. कदाचित तुमची फाइल बेळगाव जिल्ह्यात नसून चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल. प्रकरण हायकोर्टात गेलं असेल तर बेळगाव जिल्ह्यासाठी धारवाडचं खंडपीठ आहे. 2008 मध्ये ते फिरतं म्हणून सुरू झालं आणि 2013 पासून कायम झालं. पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरातच मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं.

दुसऱ्या फेरीत सीसी नंबर हातात होता, त्यामुळे काम चटकन पुढे सरकलं. रजिस्टरमध्ये नोंद सापडली, निकालाची तारीख कळली आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये आहे हेही कळलं. मग नक्कल अर्ज दिला. त्यात खटल्याचा नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख, नेमका कुठला कागद हवा आणि कशासाठी, एवढं लिहिलं. वर कोर्ट फीचा स्टॅम्प. सही काकांची, कारण आरोपी ते. मी पुतणी, माझ्या नावाने अर्ज करून उपयोग नव्हता. माणूस स्वतः येऊ शकत नसेल तर वकीलपत्र देऊन वकिलामार्फत अर्ज करता येतो. निकालाने बाधित झालेल्या व्यक्तीला नक्कल मिळण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलम 404 मध्ये आली आहे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला तर निकालाची प्रत फुकट आणि ताबडतोब द्यावी लागते. ज्याचा खटल्याशी संबंध नाही अशा माणसालाही नक्कल मिळू शकते, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं आणि हायकोर्टाच्या नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. अल्पवयीन मुलांची प्रकरणं आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख यांना कायद्याचं संरक्षण आहे. ते कागद सहज मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

माहिती अधिकारात अर्ज टाका असा सल्ला गावात हमखास मिळतो. त्यात वेळ घालवू नका. कोर्टाच्या कागदांच्या नकला हायकोर्टाच्या नियमांनुसारच घ्यायच्या, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

पूर्ण फाइल मागायचा मोहही टाळा. पासपोर्टसाठी आम्हाला निकालपत्रच पुरेसं होतं. शिवाय जुन्या फाइलमधले बरेच कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. निकालपत्र त्यांच्यापेक्षा जास्त काळ ठेवतात. म्हणून जबाब आणि पंचनामे हवे असतील तर उशीर करू नका.

आता भाषेचं. तालुक्याच्या कोर्टातलं कामकाज कन्नडमध्ये चालतं, थोडंफार इंग्रजीत. आमचा अर्ज आम्ही इंग्रजीत लिहून नेला, तो अडला नाही. समोरची बरीच माणसं मराठी समजतात आणि बोलतातही. तरी चार शब्द शिकून जाच. निकालाला 'तीर्पु', नकलेला 'नकलु', प्रमाणित प्रतीला 'दृढीकृत प्रति', दोषारोपपत्राला 'दोषारोपण पट्टी'. "तीर्पु नकलु बेकु" म्हटलं की निकालाची नक्कल हवी हे कळतं. "नाळे बन्नी" म्हणजे उद्या या. ओळखीचे वाटणारे शब्द मात्र फसवतात. कन्नडमध्ये 'वजा' म्हणजे अर्ज फेटाळला. आणि 'खुलासे' म्हणजे निर्दोष सुटका, आपला खुलासा नव्हे. जुन्या कागदांवर कन्नड आकडे असू शकतात, तेव्हा ते दहा आकडे वहीत उतरवून न्या. आपल्या भाषेचा आग्रह मलाही आहे, पण त्या दिवशी काकांचा कागद मिळवणं जास्त महत्त्वाचं होतं.

जायच्या तारखाही जपून निवडा. दुसरा आणि चौथा शनिवार सोडा. 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते, शिवाय त्याच दिवशी आपल्या लोकांचा काळा दिन, त्यामुळे बंदोबस्त फार असतो. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की बेळगावात खोली मिळायची मारामार होते. जिल्हा कोर्ट चन्नम्मा चौकाच्या जवळ आहे, बसस्टँडवरून रिक्षाने थोडक्यात पोचता. खानापूरला बेळगावहून सारख्या बस असतात, निपाणी तर हमरस्त्यावरच आहे. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास 2023 पासून मोफत आहे. काकू आधार कार्ड घेऊन आमच्याबरोबर दोन वेळा भाडं न देता आल्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न बघता तिथे मोफत मदत मिळते.

तिसऱ्या फेरीत नक्कल हातात आली. चार पानं, प्रत्येक पानावर शिक्का. शेवटच्या पानावर अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, त्या तारखा होत्या. अपील करणाऱ्याने या तारखा नीट जपाव्यात, कारण नकलेसाठी लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. आणि ही प्रत लॅमिनेट करू नका, प्लास्टिकखालचा शिक्का तपासता येत नाही. फोल्डरमध्ये ठेवा.

काकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. काउंटरवरच्या बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांना वाचून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं, "निर्दोष सोडलंय बघा, काका." काकांनी ती ओळ परत एकदा वाचायला लावली. मग विचारलं, नक्कल एकच मिळते का? त्यांच्याबरोबर आणखी दोघं आरोपी होते. त्यातले एक वारले, पण त्यांचा मुलगा भरतीला उभा राहणार आहे. त्यांच्या घरी अर्जाचा मसुदा आणि सीसी नंबर लिहिलेली चिठ्ठी काका त्याच संध्याकाळी स्वतः देऊन आले.