सही चुकली की ॲप अडलं

आज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी-ॲपसाठी बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोडपासून ॲप तयार करणारं मशीन, लागला. या कामात कोडिंगपेक्षा ॲपवरच्या डिजिटल सह्यांचीच भानगड जास्त.

अँड्रॉइडला साधं लिनक्स मशीन पुरतं. आयफोनसाठी मॅक हवाच, ॲप बनवायचं ॲपलचं एक्सकोड दुसरीकडे चालत नाही.

अँड्रॉइड ॲपवर सही करायची किल्ली असलेली कीस्टोअर फाइल कुणा एकाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की बसा बोंबलत! ॲप थेट एपीके (अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल) वाटून दिलं असेल, तर नव्या किल्लीची सही जुन्यावर बसतच नाही. जुनं ॲप काढावं लागतं आणि सर्व्हरला न गेलेल्या नोंदीही जातात. प्ले स्टोअरमधून देत असाल तर प्ले ॲप सायनिंग चालू ठेवा; मुख्य किल्ली गूगल सांभाळतं, अपलोडची किल्ली बदलून मिळते. व्हर्जन कोड, म्हणजे प्रत्येक नव्या बिल्डचा चढता आकडा, सर्व्हरनंच वाढवावा. हातानं वाढवायचं कुणीतरी विसरतंच.

कंपनीतल्या कंपनीत आयफोन ॲप वाटायचा ॲपलचा एंटरप्राइझ प्रोग्रॅम वर्षाला २९९ डॉलर, आणि कंपनीत किमान १०० कर्मचारी लागतात. प्रोव्हिजनिंग प्रोफाइल, म्हणजे ॲप चालवायची ॲपलची परवानगी-फाइल, १२ महिन्यांत संपतं. संपलं की पाळीवरच्या सगळ्या आयफोनवर ॲप उघडायचंच बंद. महिनाभर आधी नवं प्रोफाइल घालून बिल्ड पाठवा.

आणि आयफोनवर डाउनलोडची लिंक दाबूनही काहीच होत नसेल, तर आधी मॅनिफेस्ट फाइल (ॲप कुठून घ्यायचं ते फोनला सांगणारी) बघा. ती एचटीटीपीएसवर हवी, तीही फोनला मान्य असलेल्या सर्टिफिकेटसह. ऑफिसात घरगुती बनवलेलं सर्टिफिकेट लावलं की आयफोन गप्प बसतो, धड कारणही सांगत नाही.