मार्सेयच्या जनगणनेत सापडलेलं काबिल गाव

माझा नवरा फ्रान्समधल्या मार्सेयचा, पण त्याचे पणजोबा अल्जीरियातल्या काबिली डोंगरातून आलेले; तिथल्या लोकांना काबिल म्हणतात. नेमक्या कुठल्या गावातून, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. सासरे ठामपणे म्हणायचे, "मिशले." अल्जीरियाच्या आजच्या नकाशात मिशले शोधून सापडत नाही, कारण १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याचं ऐन-एल-हम्माम झालं. शिवाय फ्रेंच अमदानीत मिशले हे जुर्जुरा या मोठ्या प्रशासकीय विभागाचं मुख्य ठाणं होतं. डोंगरमाथ्यावरच्या कुठल्याही वाडीतला माणूस मार्सेयला उतरला, की कारकून जन्मस्थानाच्या रकान्यात ‘मिशले’ लिहून मोकळा.

अशा शोधात सगळे आधी एक्स-आँ-प्रोव्हान्स इथल्या, फ्रान्सच्या जुन्या वसाहतींची कागदपत्रं ठेवणाऱ्या अभिलेखागाराकडे बोट दाखवतात. अल्जीरियातल्या १८३० पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी तिथे ऑनलाइन आहेत खऱ्या, पण त्या युरोपीय वसाहतवाल्यांच्या आणि ज्यूंच्या. मुस्लिम कुटुंबांची दप्तरं वेगळी, आणि ती अल्जीरियातल्या नगरपालिकांत. म्हणून मी उलट्या टोकाने, फ्रान्सच्या जनगणनेपासून सुरुवात केली.

फ्रान्समध्ये तेव्हा दर पाच वर्षांनी मोजणी व्हायची. युद्धांमुळे १९१६ आणि १९४१ च्या मोजण्या झाल्याच नाहीत. ७५ वर्षं उलटली की नावांच्या याद्या सर्वांना खुल्या होतात. पण याद्या रस्त्यावार असतात, त्यामुळे पत्ता हवाच. तो मिळाला सासूबाईंकडे, जुन्या गॅसबिलांच्या डब्यातल्या पगाराच्या चिठ्ठीवर. पणजोबा साखरेच्या रिफायनरीत होते. मार्सेयच्या साबण आणि साखर कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काबिल मजूर घेतले, त्यांतलेच हे एक.

पत्ता असूनही नावाने शोध घेतला तर शून्य. याद्यांवरून नावांची सूची करणाऱ्याने ‘बेन’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’ हेच आडनाव धरलेलं, नाहीतर पहिलं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं. फ्रेंच कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलं, वाचणाऱ्याने दिसेल तसं टंकलं. शेवटी सूची बाजूला ठेवून पोर्त द'एक्सजवळच्या त्या गल्लीची पानं एकेक उलटली.

८ मार्च १९३६ च्या मोजणीचं पान असं: घर क्रमांक, आडनाव, नाव, जन्मवर्ष, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, कुटुंबप्रमुखाशी नातं, धंदा, मालक. खोल्या भाड्याने देणारा एक कॅफेवाला कुटुंबप्रमुख, आणि त्याच्याखाली ओळीने भाडेकरू. सगळे पुरुष, सगळे मजूर, बहुतेकांचं जन्मस्थान मिशले. बायकापोरं नाहीत, कारण ती मागे गावात. पुरुष आळीपाळीने यायचे, पैसे साठवून परत जायचे. पणजोबा मधेच कुठेतरी, आडनावात एक अक्षर चुकलेले.

त्यांची ओळ मिळाली म्हणून मी तिथेच थांबणार होते. सासऱ्यांनी चष्मा वर सरकवून पान वरपासून खाली वाचलं आणि म्हणाले, "अगं, हे सगळेच ‘ब’चे!" खरंच, पणजोबांसकट निम्म्याहून जास्त आडनावं एकाच अक्षराची.

याचं कारण २३ मार्च १८८२ चा कायदा. त्या कायद्याने अल्जीरियन मुस्लिमांवर कायमची आडनावं लादली. काबिलीत काही ठिकाणी साहेबाने कामाची सोय म्हणून गावागणिक अक्षर वाटून दिलं: या गावाची आडनावं ‘अ’ने, पुढच्या गावाची ‘ब’ने. आपल्याकडे आडनावाच्या शेवटचा ‘कर’ गाव सांगतो. तिथे सुरुवातीचं अक्षर सांगतं. फरक एवढाच, की ते लोकांनी स्वतः घेतलेलं नाही. एका रक्ताच्या घरांना वेगवेगळी आडनावं मिळाली, तो राग अजून ऐकू येतो. आमच्या मात्र तेच कामी आलं.

पान अल्जीरियातल्या एका चुलत नणंदेला व्हॉट्सअॅप केलं. तिने तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "त्या भागात ‘ब’चं गाव कोणतं?" उत्तर लगेच आलं. नगरपालिकेचं उत्तर यायला मात्र अख्खा उन्हाळा गेला. आधी दप्तर सापडत नव्हतं, मग साहेब रजेवर. १८८२ च्या कायद्याखाली केलेल्या मूळ नोंदवहीत घराण्याचा वंशवृक्ष असतो, तो नणंदेने खिडकीशी उभं राहून उतरवून घेतला. पणजोबांचे वडील, आजोबा, आणि नुसत्या नावापुरता एक खापरपणजा. पणजोबांच्या जन्मनोंदीत तारीख नाहीच, ‘अंदाजे १९०३’ एवढंच. डोंगरात जन्म झाल्या झाल्या कोण नोंदवायला जाणार!

शोध घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, की आपल्या माणसाची ओळ सापडली तरी पूर्ण पान उतरवून घ्या, कॅफेवाल्यासकट. आमच्या पानावरचा कॅफेवालाही त्याच गावचा निघाला. आता १९३१ च्या यादीत तेच घर बघतोय.