दाराच्या चौकटीवरची खूण: इमॅजिका आणि पाली, दोन दिवस

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी काहीही न ठरवता खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणुकीच्या पार्कला गेलो होतो. लेकीचा जीव तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये अडकलेला. रांगेच्या तोंडाशी उंची मोजली आणि ती दोन बोटं कमी भरली. घाट चढेपर्यंत तिचे हुंदके थांबले नव्हते. नियम मुलांच्या जिवासाठीच असतो, पण तो मला घरीच माहीत असायला हवा होता.

म्हणून यंदा तिकिटं काढण्याआधी दोन्ही मुलांना अनवाणी दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलने खूण केली. मग पार्कच्या संकेतस्थळावर एकेका राइडची उंचीची अट वाचली. धाकट्याला कशात बसता येणार नाही ते पंधरा दिवस आधीच सांगून टाकलं. त्याने घरी एक दिवस तोंड पाडलं, पण तिथे एकदाही हट्ट केला नाही.

दुसरं ठरवलं ते असं, की प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची आणि ती काहीही करून व्हायलाच हवी. बाकी जमेल तेवढं. लेकीने अर्थातच नायट्रो मागितली, नवऱ्याने अंधारात पळणारी डीप स्पेस, धाकट्याने डायनासोरची बोट. सासूबाई म्हणाल्या, "मला पालीच्या बल्लाळेश्वराला न्या, बाकी मी येते तुमच्याबरोबर." पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. म्हणजे एका रात्रीचा मुक्काम वाढवला की झालं.

दिवस निवडताना सहामाही परीक्षा संपल्यानंतरचा आणि दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधीचा बुधवार धरला. शनिवार-रविवार टाळाच. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीसुद्धा शाळांच्या सहली असतात, ते विसरू नका. तिकिटं ऑनलाइन आधीच काढा, आणि त्या तारखेला पार्क चालू आहे ना, तेही पाहून घ्या. रांग टाळण्याचं महागडं एक्सप्रेस तिकीट आम्ही घेतलं नाही. मधल्या वारी ते लागत नाही असं माझं मत.

पुण्याहून पहाटे सहाला निघालो. घाट उतरून खोपोलीकडे वळलो आणि पालीचा रस्ता धरला. दार उघडायच्या आधी पोचलो, हे फार बरं झालं. आत शिरल्यावर सगळे पहिल्याच राइडपाशी थबकतात. आम्ही तडक नायट्रोकडे गेलो. पायाखाली फळी नसलेला, उलटापालटा फिरवणारा रोलर कोस्टर तो. खाली उतरल्यावर लेक काही बोलली नाही, नुसती माझा हात घट्ट धरून उभी राहिली. तेवढ्यासाठी मी पुन्हा शंभर वेळा चौकट मोजीन.

डायनासोरची बोट म्हणजे राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर. राजासॉरस हा खरोखरचा आपल्याकडचा प्राणी. त्याची हाडं गुजरातमध्ये रहिओलीला सापडली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. हे आधी वाचून दाखवल्यामुळे धाकटा बोटीत सगळ्यांना समजावत होता. इथे भिजायला होतं. जेवणाआधी, उन्हात सुकायला वेळ असताना जा आणि एक कपड्यांचा जोड पिशवीत ठेवा. चपलांपेक्षा पट्ट्याचे सँडल बरे. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा भरपेट नाश्ता करूनच आत शिरा. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. एका दिवसात दोन्ही करू नका, मुलं पार गळून जातात.

सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास. त्यांच्यासाठी बसून बघायचे खेळ आधीच शोधून ठेवले होते. खुर्च्या हलणाऱ्या मिस्टर इंडियात त्यांना नेलं नाही, पण आय फॉर इंडियात मोठ्या पडद्यावर हवेतून देश बघताना त्या अगदी रमल्या. दुपारी दोन तास सावलीत बसलो. धाकटा आजीच्या मांडीवर झोपला, म्हणून संध्याकाळच्या परेडला टक्क जागा होता. जमल्यास ही दुपारची विश्रांती ठरवूनच ठेवा. त्या वेळात दोन राइड हुकतील, हुकू द्या.

रात्री खोपोलीला मुक्काम केला आणि सकाळी पाली गाठली. पालीला आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं, ही तिथली रीत. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, आणि तो भक्त म्हणजे बल्लाळ नावाचा लहान मुलगा. पोरांना जमवून पूजेत रमतो म्हणून बापाने त्याला मारून झाडाला बांधलं, ही गोष्ट आजीने देवळाच्या आवारात सांगितली. धाकट्याने विचारलं, "त्याची उंची किती होती?" आजी म्हणाली, "तुझ्याएवढीच असेल रे."