चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि तिचेच शेअर

व्हीएनआयटीतून किंवा हिंगणा रोडवरच्या एखाद्या कॉलेजातून मूल बाहेर पडतं, बंगळुरूहून ऑफर लेटर येतं, आणि त्यावरचं कंपनीचं नाव घरात कोणीच ऐकलेलं नसतं. अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, केएलए. मग दोन प्रश्न हमखास निघतात. तिथं नेमकं काम काय करायचं? आणि पत्रात 'आरएसयू' म्हणून, म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरपोटी, डॉलरमध्ये जी रक्कम लिहिली आहे, ती पगारात धरायची का? दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येतात. चिप बनवणारे कारखाने यंदा यंत्रांवर किती पैसा ओततात, त्यावर तुमची नोकरीही चालते आणि तुमचे शेअरही.

या कंपन्या चिप बनवत नाहीत, चिप बनवायची यंत्रं बनवतात. नेदरलँड्सची एएसएमएल प्रकाशाने नक्षी छापायचं यंत्र करते. लॅमचं मुख्य काम नक्षीप्रमाणे कोरण्याचं, म्हणजे एचिंगचं, आणि थर चढवण्याचं. अप्लाइडचा पसारा सगळ्यांत मोठा: थर चढवणं, कोरणं, घासून सपाट करणं, विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, घुसवणं. केएलए दोष शोधते आणि मोजमाप करते. जपानची टोकियो इलेक्ट्रॉन यातली बरीच कामं करते, शिवाय छपाईआधीचा रासायनिक लेपही चढवते. 300 मिलिमीटर व्यासाची एक वेफर, म्हणजे चिप जिच्यावर घडतात ती सिलिकॉनची पातळ चकती, शेकडो पायऱ्यांतून जाते. आघाडीच्या चिपला पायऱ्या हजारापर्यंत जातात आणि दोन-तीन महिने लागतात.

भारतात सध्या काम आहे ते मुख्यतः डिझाइनचं. बंगळुरूत अप्लाइड आणि लॅम, चेन्नईत केएलए. अप्लाइडने जून 2023 मध्ये बंगळुरूच्या इंजिनिअरिंग केंद्रासाठी चार वर्षांत 40 कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. फील्ड सर्व्हिसचं काम, म्हणजे ग्राहकाच्या कारखान्यात उभं राहून यंत्र चालतं ठेवणं, आजवर तैवान, कोरिया, सिंगापूर, अमेरिकेत होतं. धोलेऱ्यात टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या तंत्रावर फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभारते आहे, त्यामुळे ते काम इथंही लागणार. साणंदचा मायक्रॉनचा कारखाना मात्र जोडणी आणि चाचणीचा आहे. तिथली यंत्रं वेगळी, म्हणून दोन्हींना 'सेमीकंडक्टर प्लांट' म्हणून एकच समजू नका.

आणि एक गैरसमज काढूनच टाका: हे क्षेत्र फक्त इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं नाही. यंत्राच्या पोटात पंप, सील, उष्णता, वायूंचा प्रवाह, रोबोटचे हात, गंजणारे धातू असतात. मेकॅनिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन या तिन्ही शाखांना इथं भरपूर काम आहे. मुलाखतीत निर्वाताचं गणित, पीआयडी कंट्रोल (तापमान, दाब आपोआप ठरलेल्या पातळीवर ठेवण्याची पद्धत) आणि उष्णतावहन नीट सांगता आलं तर कोडिंगच्या चार सर्टिफिकेटांपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

काम कसलं असतं हे एका उदाहरणातून जवळून बघू: एचिंग चेंबरची, म्हणजे वेफर जिथं कोरली जाते त्या बंद कप्प्याची, ओली सफाई. क्लोरीन, हायड्रोजन ब्रोमाइड असे वायू प्लाझ्मात, म्हणजे विजेने भारलेल्या वायूत, फोडून वेफर कोरली जाते. त्यातून सुटलेला माल चेंबरच्या भिंतींवर बसत जातो. ठरावीक तास झाले की तो पापुद्र्यासारखा सुटून वेफरवर पडू लागतो, आणि एवढ्याशा कणाने चिप वाया जाते. म्हणून चेंबर उघडून साफ करायचा.

आधी नायट्रोजन भरायचा आणि ओढायचा, पुन्हा भरायचा आणि ओढायचा. विषारी वायू पूर्ण निघेपर्यंत हे चक्र चालतं. भिंती थंड होऊ द्यायच्या. मग आरएफ जनरेटर (प्लाझ्मा पेटवणारा वीजपुरवठा), वायूच्या लाइन, वीज, पाणी यांना प्रत्येकी कुलूप आणि टॅग. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ज्याने परमिट घेऊन काम केलं आहे, त्याला ही शिस्त नवीन नाही, आणि असा माणूस इथं लवकर रुळतो. कुलूप लावल्यावर बटण दाबून बघायचं की खरंच काही सुरू होत नाही ना. घाईत ही पायरी गाळणारे असतात, आणि हातपाय गमावण्याचे प्रसंग इथूनच येतात. मग चेंबर 760 टॉरपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत आणायचा आणि वायूचा डिटेक्टर हाताशी धरूनच झाकण उचलायचं.

आतला संच, म्हणजे वेफरभोवतीची एज रिंग, भिंतीचं अस्तर, वायूचा शॉवरहेड, बाहेर काढून दोन पिशव्यांत बंद करायचा. तो धुऊन आणणारे वेगळे असतात. चेंबर मात्र तुम्हीच पुसायचा: धागे न सुटणारं कापड, आधी शुद्ध केलेलं डीआय पाणी, नंतर आयपीए हे अल्कोहोल, एकाच दिशेने, आणि प्रत्येक फेरीला कापडाची नवी घडी. क्लोरीनचा अवशेष राहिला तर हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि ॲल्युमिनियम खातं. कापड पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही.

यानंतर सगळ्यांत जास्त चुका जिथं होतात ती ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून हवा शिरू न देणारी गोल सील. जुनी काढताना लोखंडी टोकाची वस्तू वापरायची नाही, प्लॅस्टिकचीच, कारण खाचेत एक ओरखडा पडला की कितीही नवी रिंग बसवा, गळती राहणारच. नवी बसवताना घड्याळातल्या 12, 6, 3 आणि 9 या जागी आधी दाबायची आणि मग मधला भाग. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलात तर रिंग ताणली जाते आणि शेवटी उरलेला फुगवटा कुठंतरी चिमटतो. ही काही दहा-वीस रुपयांची रबरी रिंग नाही. परफ्लुरोइलास्टोमर या रसायनांना टिकणाऱ्या पदार्थाची एकेक रिंग हजारो रुपयांची असते. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क रेंचने, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

मग पंप लावून दाब उतरवायचा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पाच-दहा मिनिटांत दाब किती चढतो ते बघायचं. मर्यादा यंत्रागणिक वेगळी. मिनिटाला एक-दोन मिलिटॉरच्या आत हा साधारण अंदाज. दाब जास्त चढला म्हणून लगेच चेंबर पुन्हा उघडू नका. आधी आलेख बघा. सुरुवातीला चढून मग सपाट होत असेल तर भिंतीला चिकटलेलं पाणी सुटतं आहे. भिंती तापवा, नायट्रोजन फिरवा, काही तास द्या. सरळ रेषेत चढतच राहिला तर खरी गळती. तेव्हा हेलियम लीक डिटेक्टर जोडून सांध्यांवर हेलियमचा बारीक फवारा मारायचा, वरून सुरू करून खाली यायचं. हेलियम हलका, वर चढतो. खालून सुरू केलंत तर वरचा सांधा गळत असताना खालचा दोषी दिसेल. शेजारी-शेजारी दोन सांधे असतील तर एकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दुसरा तपासा.

गळती नाही म्हणजे काम संपलं, असंही नाही. कोऱ्या भिंतींच्या चेंबरमध्ये कोरण्याचा वेग वेगळा येतो, म्हणून काही डमी वेफर चालवून भिंतींवर पुन्हा पातळ थर बसू द्यायचा. मग कणांची मोजणी, कोरण्याचा वेग, आणि वेफरवर 49 ठिकाणी मोजून एकसारखेपणा. वेफरच्या कडेलाच गडबड दिसली तर पहिला संशय एज रिंग नीट न बसल्याचा. वेफर थंड ठेवायला तिच्याखाली सोडलेल्या हेलियमच्या गळतीचा अलार्म आला तर वेफर बसते त्या चकवर कण अडकला आहे का बघा. या सगळ्याला साधारण एक पाळी जाते, चुकलं तर दोन. तेवढा वेळ ग्राहकाचं कोट्यवधींचं यंत्र बंद असतं आणि त्याचा माणूस दर तासाला विचारायला येतो.

पाळी बहुतेक 12 तासांची: आठवड्यात तीन दिवस, पुढच्या आठवड्यात चार, आणि रात्रपाळी वाट्याला येतेच. क्लीनरूमचं, म्हणजे यंत्रं असतात त्या धूळमुक्त हॉलचं, तापमान 21-22 अंशांच्या आसपास वर्षभर. मे महिन्यात नागपुरात घामोळ्यांची पावडर लावून बाहेर पडायची सवय असेल तर ती तिथं सोडावी लागेल. टाल्कम पावडर, अत्तर, मेकअप क्लीनरूममध्ये चालत नाही, साधा कागदही चालत नाही.

आता पैशाचं. हा धंदा लाटांवर चालतो. लॅमचा डिसेंबर 2022 ला संपलेल्या तिमाहीचा महसूल 5.28 अब्ज डॉलर होता. जून 2023 च्या तिमाहीत तो 3.21 अब्जांवर आला. सहा महिन्यांत जवळपास 39 टक्के घट. कारणं दोन: मेमरी चिपचे भाव कोसळले तेव्हा मेमरी कंपन्यांनी नवी यंत्रं घेणं थांबवलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनला यंत्रं विकण्यावर निर्बंध घातले. जानेवारी 2023 मध्ये लॅमने सुमारे 1,300 नोकऱ्या कमी केल्या. शेअर त्याआधीच पडले होते. जानेवारी 2022 च्या शिखरापासून त्या ऑक्टोबरपर्यंत अप्लाइड आणि लॅम दोन्ही निम्म्याहून खाली आले. पुढे दोन्ही वर गेले, ती गोष्ट खरी. पण नोकरी जाण्याची वेळ आणि शेअर तळाला असण्याची वेळ एकच असते, हे ज्याचा ईएमआय चालू आहे त्याने आधी समजून घ्यावं.

आरएसयूचं गणित मांडतो. समजा 200 शेअर चार वर्षांत मिळणार, दरवर्षी 50. भाव 150 डॉलर, डॉलर 85 रुपये. हातात येण्याच्या दिवशी 50 शेअरचे 6,37,500 रुपये तुमच्या पगारात धरले जातात. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 31.2 टक्के, म्हणजे 1,98,900 रुपये कर. कंपनी साधारण 16 शेअर विकून तो भरते, तुमच्याकडे 34 उरतात. वर्षभरात भाव 80 डॉलरवर आला, तर त्या 34 चे 4,33,500 रुपयांचे 2,31,200 झाले. कर मात्र 150 च्या भावाने भरून झाला, तो परत येत नाही. आणि विकून झालेला 2,02,300 रुपयांचा तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो, आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो.

म्हणून माझं ठाम मत: शेअर हातात आले की त्याच आठवड्यात बहुतेक विका. त्या दिवशी विकलंत तर भांडवली नफा जवळजवळ शून्य, म्हणजे थांबण्याने कर वाचत नाही. स्वतःला विचारा, आज हातात 4,33,500 रुपये रोख असते तर याच कंपनीचे शेअर घेतले असते का? कंपनीवर विश्वास असेल तर एकूण बचतीच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवा. ईएसपीपी, म्हणजे पगारातून सवलतीत कंपनीचे शेअर घेण्याची योजना, मात्र जरूर घ्या. 15 टक्के सवलत ही बाजार कुठंही गेला तरी खरी असते, ती सवलत पगार म्हणून करपात्र असली तरी. विकण्याआधी तिमाही निकालांच्या सुमाराची बंदी तुम्हाला लागू आहे का, ते कंपनीच्या नियमांत बघून घ्या.

कंपनीत नसून शेअर घ्यायचे असतील तर बँकेतून एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आर्थिक वर्ष 2025-26 पासून 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो विवरणपत्रात समायोजित होतो. निकाल वाचताना नफ्याच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा. एक, चीनचा वाटा: अप्लाइडच्या जानेवारी 2024 च्या तिमाहीत तो 45 टक्के होता, इतका वाटा एका सरकारी आदेशावर टांगलेला. दोन, सेवा आणि सुट्या भागांचा महसूल. नवी यंत्रं विकली गेली नाहीत तरी जुन्यांना ओ-रिंग आणि एज रिंग लागतच राहतात, म्हणून मंदीत तोच भाग तग धरतो. वर्षं नीट जुळवून घ्या: अप्लाइडचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरअखेर संपतं, लॅमचं जूनअखेर.

करात चुकतात त्या जागा ठरलेल्या. परदेशी शेअर 24 महिन्यांनंतर दीर्घकालीन होतो आणि 23 जुलै 2024 पासून त्यावर 12.5 टक्के कर आहे. 24 महिन्यांआधी विकला तर स्लॅबप्रमाणे. डब्ल्यू-8बेन, म्हणजे आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं सांगणारा फॉर्म, भरलेला असेल तर अमेरिकेत लाभांशावर 25 टक्के कापतात, नसेल तर 30. हा फॉर्म सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरला संपतो आणि बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही. आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब द्यायचा असतो, एप्रिल ते मार्चचा नाही. न दिल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, माहिती तरीही द्यायचीच.

सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट मृत्यूनंतरची. अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसलेल्याकडे 60,000 डॉलरहून जास्त अमेरिकी शेअर असतील, तर वरच्या रकमेवर तिथला वारसा कर 40 टक्क्यांपर्यंत लागतो. भारताचा अमेरिकेशी या करावर करार नाही. डॉलरला 85 रुपयांच्या हिशेबाने ही मर्यादा 51 लाख रुपयांची, आणि शेअर न विकता साठवत गेलेला इंजिनिअर काही वर्षांत तिथं पोचू शकतो. शेअरच्या खात्याला बहुधा ऑफिसचा ई-मेल जोडलेला असतो, तो नोकरी सोडली की बंद होतो. राजीनामा देण्याआधी त्या जागी स्वतःचा ई-मेल आणि चालू मोबाइल क्रमांक घाला, सगळ्या वर्षांची स्टेटमेंटं उतरवून घ्या, आणि खातं कुठल्या ब्रोकरकडे आहे हे घरातल्या एकाला तरी कागदावर लिहून द्या.