तुम्ही विचारलंत म्हणून: खाजनावर संशोधन करायला पैसे कुठून येतात?

दरवर्षी एम.एस्सी.चे निकाल लागले की एखादी तरी मुलगी विचारते, "मॅडम, मला खाजनावर काम करायचंय. फेलोशिप मिळेल ना?" (खाजन म्हणजे गोव्यातली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन.) सोबत आलेली आई तोच प्रश्न तिच्या शब्दांत विचारते, "यात हिचं भागेल का हो?" दोघींनाही मी आजवर उभ्या-उभ्या उत्तरं दिली. आज बसून लिहिते.

आधी आईला. भागतं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे सीनियर झाल्यावर 42,000. हे दर जानेवारी 2023 पासूनचे. वर घरभाडे भत्ता. सगळी मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. वयाची अट 30 ची, मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. लग्न-बाळंतपणामुळे मागे राहिलेल्यांनी ती विसरू नये. पदव्युत्तरला विद्यापीठात पहिली आली असेल, तर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या 'इन्स्पायर' फेलोशिपचा अर्ज वेगळा करता येतो. नेटच्या तयारीत एक वर्ष गेलं तरी जाऊ द्या. पुढची पाच वर्षं कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

निदान कागदावर तरी. माझ्या वेळी दुसऱ्या वर्षी फेलोशिपचे पैसे सात महिने अडकले. एका कार्यालयातून दुसऱ्यात कागद फिरत होता आणि मी भावाकडून उसने घेऊन फेरीबोटीने मांडवीतल्या चोडण बेटावर जात होते. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायची सवय ठेवा, आणि हजेरीचे, प्रगतीचे कागद तारखेच्या आधी द्या.

आता मुलीला. फेलोशिप तुझ्या पोटासाठी आहे, खाजनासाठी नाही. ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, तुला आज कळू दे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फेलोशिपमध्ये विज्ञान शाखेला पहिल्या दोन वर्षांत किरकोळ खर्चासाठी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. होडीचं भाडं, बाटल्या, मातीच्या तपासण्या, बांधावर सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी, एवढं सगळं त्यात बसत नाही. तो खर्च निघतो मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून. विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आहे, 2023 च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे, पण तिथे अर्ज मार्गदर्शकाने करायचा असतो. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध वाच, आणि त्यांच्याकडे चालू प्रकल्प आहे का, तो कधी संपतो, हेही विचार. विचारायला लाजू नको. तू स्वतः अर्ज करू शकशील अशी लहान अनुदानंही आहेत. रफर्ड फाउंडेशन क्षेत्रकामाला पैसे देतं, जाणकारांचे अभिप्राय जोडावे लागतात. इनलॅक्स-रवी शंकरन फेलोशिपही बघून ठेव.

पैसे मिळाले तरी ते येतात कधी, हा वेगळाच प्रश्न. खाजनाचं वर्ष मृगात सुरू होतं. पाऊस पडतो, वर्षभर जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन जातं, मग कोरगुट पेरतात. खाऱ्या जमिनीत तग धरणारं ते भात. मातीतलं मीठ मोजायचं तर याच चार महिन्यांत, दर आठवड्याला. सरकारी पैशाचं वर्ष मात्र 31 मार्चला संपतं. माझ्या एका प्रकल्पाचा हप्ता जानेवारीच्या शेवटी आला आणि मार्चअखेर खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या, असं पत्रही त्याच्याबरोबर आलं. शेतात तेव्हा कापणीनंतरचं खारं पाणी. बांधावर भेटलेले काका म्हणाले, "बाय, पाऊस पडल्याबिगर खाजनात तू मोजणार काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून प्रस्तावात उपकरणं आणि रसायनं पहिल्या हप्त्यात मागते, मजुरी आणि प्रवास दुसऱ्यात, आणि जून ते ऑक्टोबरचं वेळापत्रक पहिल्याच पानावर लिहिते.

पण प्रस्ताव परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण पैसा नाही, व्याख्या आहे. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे कोणी सांगत नाही.

पाणथळ जागा कशाला म्हणायचं, याची रामसर या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या ऐसपैस आहे. नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, पाणी गोडं असो वा खारं, ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा तिच्यात येतं. आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांत मात्र भातशेती वगळलेली आहे, मिठासाठी आणि मत्स्यपालनासाठी मुद्दाम केलेल्या रचनाही वगळलेल्या आहेत. आता खाजन म्हणजे काय? बांध घालून नदीपासून राखलेली भातशेती, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी मासळी, कुठे-कुठे मिठाचं आगर. म्हणजे जे-जे वगळलं, ते सगळं एका ठिकाणी! गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन सांगतात. माझा पहिला प्रस्ताव 'ही पाणथळ जागा नसून शेतजमीन आहे' असा शेरा घेऊन परत आला. मी रडले होते. कुडचड्याचं नंदा तळं 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं, 42 हेक्टरांचं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. तिथेही साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाला भात पिकतं. तळं पाणथळ आणि शेत मात्र पाणथळ नाही, ही रेघ पाण्याने ओढलेली नाही.

म्हणून अर्ज कुठे करतेस ते पाहून शब्द निवड. शेतीच्या योजनेत खारफुटीवर भर देऊन उपयोग नाही, तिथे बांध, मातीचं मीठ आणि भाताची जात यांवर लिही. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान' या खारं सोसणाऱ्या जाती काढल्या, तो धागा तिथे चालतो. किनाऱ्यासंबंधीच्या प्रस्तावात 2011 ची किनारी नियमन अधिसूचना दाखव. तिने गोव्याच्या खाजनांचं नाव घेऊन नकाशे करायला आणि व्यवस्थापन आराखडा करायला सांगितलंय. यात खोटं काही नाही. खाजन हे सगळं आहेच.

आणि 'पुनरुज्जीवन' हा शब्द लिहिण्याआधी एकदा फुटलेल्या बांधावर जाऊन उभी राहा. बांध फुटला, दोन वर्षं कोणी बुजवला नाही, की भरतीबरोबर खारफुटीच्या बिया येतात आणि बघता-बघता रान होतं. तिथे बगळे येतात, कुर्ल्या वाढतात, कायदा त्या झाडांना हात लावू देत नाही. मागे ज्यांची शेतं होती ती माणसं बांधावर येऊन तेच रान बघतात. आता परत काय आणायचं, भात की तिवर? खारफुटी लावायला निधी लवकर मिळतो, हे मला दिसतं. म्हणून ज्याने पिढ्यान्‌पिढ्या शेत राखलं त्याला न विचारता 'पुनरुज्जीवन' लिहून टाकायचं, हे मला पटत नाही. माझ्या मते बाहेरच्या अंगाला खारफुटी हवी, ती लाटा अडवते, बांध टिकवते. आतल्या शेतात भात हवं. सगळे सहकारी हे मानत नाहीत, तू तुझं मत बांधावर जाऊन ठरव.

मानशीचंही तसंच. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जातं. मासळीचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, ज्याला मिळाला, त्याला दार उघडं राहिलेलं फायद्याचं, शेतकऱ्याला मिटलेलं. फुटलेला बांध दुरुस्त करायचं काम कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे. तुझी फेलोशिप, सरांचा प्रकल्प आणि त्या बांधाचे पैसे, तिन्ही थैल्या निराळ्या आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. प्रबंध पूर्ण झाला तेव्हा माझ्या अभ्यासातला बांध तसाच फुटलेला होता. मी पदवी घेतली, काकांनी त्या वर्षीही पेरलं नाही. हे मला अजून लागतं. म्हणून आता प्रत्येक प्रकल्पात शेतकऱ्यांच्या संघटनेला पहिल्या महिन्यात भेटते, आणि मोजमापांचा एक कागद मराठीत लिहून त्यांना देते, खात्याकडे दुरुस्ती मागताना जोडायला. गेल्या पावसाआधी त्यातला एक बांध बुजला.

तर नेटचा अर्ज भर, आणि प्रस्तावाचा मसुदा मला पाठवण्याआधी येत्या अमावास्येला उधाणाच्या भरतीच्या वेळी माझ्याबरोबर चोडणला चल. मानस मिटताना बघू. गमबूट आण, आईलाही घेऊन ये.