‘रद्द करा’ दाबलं की नेमकं काय रद्द होतं?

समजा, नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप बनतंय. गाडी कधी येणार, किती कॅरेट आहेत, याची नोंद आदल्या दिवशी करायची. विक्री झाली की हिशोबपट्टी (विकलेल्या मालाचा आणि वजावटीचा हिशोब) फोनवर. काटोलचा एक शेतकरी उद्याची नोंद मोडायला जातो. स्क्रीनवर चौकट येते: ‘तुम्हाला बुकिंग रद्द करायचे आहे का?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’.

आता नोंद मोडायला कोणतं दाबायचं? दोन्ही बटणं ‘हो’ म्हणतायत. इंग्रजीतलं कॅन्सल आणि ओके शब्दाला शब्द ठेवून मराठीत आलं की हे होतं. डेव्हलपरने तयार चौकट वापरली, भाषांतरकाराला स्क्रीन न दाखवता एक्सेलची शीट दिली, क्लायंटने तयार इंग्रजी आवृत्ती पाहून मान डोलावली. तिघांनीही आपापलं काम नीट केलं. उपाय दोन मिनिटांचा आहे: ‘हो, उद्याची नोंद मोडा’ आणि ‘नको, राहू द्या’. लोक चौकटीतला प्रश्न वाचत नाहीत, थेट बटण वाचतात. म्हणून प्रश्नावर बोट ठेवून झाकलं तरी बटणाचा अर्थ लागला पाहिजे.

या तिघांच्या मधली जी जागा मोकळी राहते, ती युएक्स डिझायनरची, म्हणजे वापरणाऱ्याला काम सोपं जावं हे बघणाऱ्याची. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या चौकटी रंगवणं हा त्यातला सोपा भाग. प्रत्येक स्क्रीनपाशी थांबून विचारायचं असतं की इथे चूक झाली तर भुर्दंड कोणाला बसणार? वरच्या चौकटीत तो शेतकऱ्याला बसतो: नोंद मोडली असं समजून तो घरी थांबतो, किंवा मोडायची नसताना मोडून बसतो आणि भरलेली गाडी गेटवर उभी राहते.

काम सुरू होतं बाजारात, तेही पहाटे. शेतकरी, अडत्याचा मुनीम आणि गाडीचा ड्रायव्हर हे तीन वेगळे गट आहेत. त्यांची सरासरी काढली तर कोणाच्याच कामाचं अ‍ॅप होत नाही. ‘असं फीचर आवडेल का?’ हा प्रश्न विचारूच नका. नागपूरकर माणूस ‘मस्त आहे ना भाऊ’ म्हणून मोकळा होतो. ‘मागची पट्टी मिळाली तेव्हा तिचं काय केलं?’ असं विचारा. मग तो खिशातून दुमडलेला कागद काढतो, त्यावर पेनाने केलेला हिशोब असतो, आणि हमाली-तोलाईच्या वजावटीभोवती कुठे गोल काढलेला असतो तेही दिसतं. तुमच्या पट्टीच्या स्क्रीनवर काय वर हवं, ते त्या कागदावर आधीच लिहिलेलं आहे. फोटो काढायचा तर विचारून काढा आणि नाव-नंबर झाकून ठेवा.

टेस्टिंगला किती माणसं लागतात? ‘पाच पुरे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, त्यामागचं गणित फार थोड्यांना. एखादी अडचण ३१ टक्के लोकांना येते असं धरलं तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. पण दहातल्या एकालाच येणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. म्हणजे पाच जणांत ढोबळ चुका सापडतात, बारीक नाही. पाच घ्या, दुरुस्त करा, पुन्हा वेगळे पाच घ्या. आणि हे पाच प्रत्येक गटातले.

काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘स्लॉट बुकिंगमध्ये जा’ म्हटलं की माणूस शब्द शोधतो, काम करत नाही. ‘सोमवारी सकाळी १८० कॅरेट घेऊन तुमची गाडी येणार आहे, तसं कळवा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. माणूस अडखळला की आपला हात त्याच्या फोनकडे जातोच, म्हणून हातात वही-पेन धरा. प्रत्येक कामापुढे तीनच खुणा पुरतात: आपलं आपण झालं, अडखळत झालं, झालं नाही. शेजारी तो काय म्हणाला ते एका रकान्यात आणि त्याचा अंगठा कुठे गेला ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही जुळले नाहीत तर अंगठा खरा.

टेस्टिंग आयटी पार्कच्या एसी खोलीत केलं तर निम्म्या चुका झाकल्या जातात. मृग बहाराची संत्री बाजारात येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा नागपूरचं ऊन तापायला लागलेलं असतं. फोन गरम झाला की बरेच फोन स्क्रीनचा उजेड आपोआप कमी करतात. अशा वेळी फिक्या करड्या अक्षरांतली ‘सूचना’ असून नसल्यासारखी. वेबच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी (कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीच्या) निकषांत साध्या मजकुरासाठी ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, किमान सांगितलाय. उन्हात वापरायच्या अ‍ॅपला आकडे आणि भाव ७:१ च्या वरच ठेवावेत.

आणि हो, ते नारिंगी बटण! नागपूरचं अ‍ॅप म्हटलं की क्लायंटला नारिंगी हवंच असतं, वर पांढरी अक्षरं. लाल २५५, हिरवा १४०, निळा ० हा नेहमीचा गडद नारिंगी घेतला तर त्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट भरतो २.३:१. नापास. त्याच बटणावर काळी अक्षरं ठेवली की ९:१. क्लायंटशी रंगावरून वाद घालत बसू नका. दोन्ही बटणं फोनवर घेऊन त्याला दुपारी एक वाजता गच्चीवर न्या. बटणाचा आकार अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. घामेजल्या बोटांना तेवढा लागतोच. ‘मोडा’ आणि ‘राहू द्या’ ही बटणं चिकटवून ठेवू नका.

आता देवनागरीकडे. इथे बहुतेक टीम घसरतात, कारण साचा रोमन अक्षरांसाठी बनलेला असतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते १.७ पट लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, दोन्ही बाजूंना जागा हवी. ठराविक उंचीच्या बटणात ‘सुरू’ लिहिलं की ‘सु’चा खालचा उकार कापला जातो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दाणे सांडल्यासारखा दिसतो. मराठीत कॅपिटल नसतात, तेव्हा शीर्षक उठावदार करायचं ते जाडीने किंवा आकाराने. फाँट निवडताना ‘वऱ्हाडी, दृष्टी, कर्तृत्व, ट्रॅक्टर, ऑर्डर’ एवढे पाच शब्द लिहून बघा. ‘वऱ्हाडी’तला र तुटला तर तो फाँट विदर्भात चालायचा नाही! पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये लिहून घ्या. ज्या फाँटात सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कोणता आवाज वापरायचा ते कळतं.

नावाचा रकाना तर वेगळाच अनर्थ. ‘फक्त अक्षरं चालतील’ असा नियम डेव्हलपर सहज लावतो. पण युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशोबात काना, वेलांटी, उकार ही अक्षरं नाहीत, त्यांचा ‘मार्क’ नावाचा वेगळा वर्ग आहे. म्हणजे ‘कमल’ पास आणि ‘सुनीता’ नापास. लांबीच्या मर्यादेचंही तसंच. ‘क्षीरसागर’ आपल्याला पाच अक्षरी दिसतं. संगणकाच्या लेखी ते ९ चिन्हं आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत २७ बाइट्स. डेटाबेसमध्ये २० बाइट्सची जागा ठेवली असेल तर आडनाव मध्येच तुटतं आणि पट्टी भलत्याच नावाने छापली जाते. ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असे तीन सक्तीचे रकाने करण्यापेक्षा ‘बँक पासबुकावर आहे तसं पूर्ण नाव’ असा एकच ठेवा. मोबाइल नंबर कोणी देवनागरी अंकांत टाकेल, कोणी आधी शून्य लावेल, कोणी मध्ये जागा सोडेल. सगळं स्वीकारा, साफसफाई मशीनकडून करून घ्या. रक्कम १,२५,००० अशीच दाखवा. वजनाच्या रकान्याला चिकटून ‘क्विंटल’ हा शब्द हवाच. टन समजून २ लिहिलं आणि मशीनने क्विंटल धरलं की दहापट फरक.

ओटीपीची स्क्रीन शहाण्यालाही रडवते. नंबर शेतकऱ्याच्या नावावर, पण सिम पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या फोनमध्ये, हे घरोघरी असतं. तो फोन लावतो, पोरगा लेक्चरमध्ये, तेवढ्यात वेळ संपते आणि मागे गेलं तर भरलेला फॉर्म कोरा. तीन गोष्टी लिहून द्या: भाव आणि बाजाराची वेळ लॉगिनशिवाय दिसेल, ओटीपी अगदी शेवटी येईल, मागे जाऊन नंबर बदलला तरी भरलेलं पुसलं जाणार नाही. ‘पुन्हा पाठवा’ ३० सेकंदांनी उघडावं, पण दुसरा ओटीपी गेला म्हणून पहिला लगेच मारू नये. नेटवर्क कच्चं असलं की दोन्ही मेसेज एकदम येतात, कधी उलट क्रमानेही, आणि माणूस वरचा टाकतो. मराठी एसएमएस एका तुकड्यात ७० चिन्हांचाच मावतो, रोमन १६०. तेव्हा ओटीपीचे अंक पहिल्या शब्दांतच आणा, नमस्कार-चमत्कार गाळा. या मेसेजचा मसुदा टेलिकॉम कंपनीकडे आधी नोंदवावा लागतो. शब्द मागाहून बदलायचे तर नोंदणी पुन्हा. म्हणून हा मजकूर डिझाइनच्या पहिल्या आठवड्यातच पक्का करा.

चुकीचे संदेश लिहिताना सरकारी मराठी अंगात येते. ‘कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा.’ त्यापेक्षा ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, ९ च अंक आलेत’ हे चालतं, कारण त्यात काय चुकलं आणि काय करायचं दोन्ही आहे.

हँडऑफच्या वेळी, म्हणजे डिझाइन डेव्हलपरच्या हाती देताना, प्रत्येक स्क्रीनची पाच रूपं द्या: रिकामी, लोड होताना, अर्धवट माहितीची, चुकलेली, नेटवर्क नसतानाची. दिली नाहीत तर डेव्हलपर ती रात्री अकराला स्वतःच्या मनाने बनवतो, त्याचाही इलाज नसतो. बटण दाबल्यापासून एका सेकंदात काहीतरी हललं नाही तर माणूस पुन्हा दाबतो आणि एका गाडीच्या दोन नोंदी होतात. बटण तात्पुरतं बंद करणं हा अर्धा उपाय. दुसरी नोंद सर्व्हरनेही नाकारली पाहिजे. तसं केलंय का, ते डेव्हलपरला विचारून घ्या.

मग क्लायंटकडून येते खरी खडतर मागणी. ‘वाहतूक विमा १५ रुपये, चौकटीत आधीच टिक करून ठेव.’ याला बास्केट स्नीकिंग म्हणतात, म्हणजे न विचारता बिलात भर घालणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांविषयी) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत आणि हा त्यातलाच एक. ‘फक्त २ जागा उरल्या’ अशी खोटी घाईही त्यातच. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही लिहिलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय हवा. म्हणजे एका टिकने दिलेली संमती काढायला ‘ऑफिसच्या वेळेत फोन करा’ असं चालत नाही.

मीटिंगमध्ये तोंडी ‘नाही’ म्हटलं तर ते हवेत विरतं. एक मेल लिहा, पाच ओळींचा: मागणी काय, ती कोणत्या नियमात अडकते, भुर्दंड कोणाला, त्याऐवजी काय करता येईल, निर्णय कोणाचा. पर्यायात चौकट रिकामी ठेवा आणि विम्यात नेमकं काय भरून मिळतं, ते तिच्याशेजारी एका ओळीत लिहा: गाडी उलटली तर मालाचे पैसे, की फक्त गाडीचे? ती ओळ लिहायला क्लायंटकडे उत्तर नसेल, तर विमा त्या स्क्रीनवरून काढून टाका.