पुढची सीट

रविवारी आमरसाचं जेवण झालं, मंडळी सतरंजीवर आडवी झाली आणि भाचीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, बघ, ट्रॅकवरचा व्हिडिओ!" ही चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. ऑफिसातल्या टोळक्याबरोबर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला जाऊन आली. रेसचा ट्रॅक आहे तिथे, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. व्हिडिओत प्रशिक्षक गाडी हाणतोय आणि ही शेजारी हेल्मेट घालून बसलीय. पहिलं वळण आलं, पडद्यावरचा रस्ता आडवा झाला आणि आमरस माझ्या घशाशी आला. मी मोबाईल पालथा घातला.

"तुला नुसतं बघून होतंय? मला तर बसून झालं. हात करून गाडी थांबवायला लावली आणि गेले टायरच्या ढिगामागे."

"आणि मग तू चालवलीस तेव्हा?"

"काही नाही! त्याच वळणांवर, त्याच गाडीत."

हे ऐकून मला फार आनंद झाला. मावशीला शोभेल असा नव्हता तो.

कारण आमच्याकडे गाडी लागणाऱ्या माणसात मुळात चारित्र्यच कमी, असा समज आहे. त्याचे प्रवर्तक आमचे काका. मे महिन्यात आम्ही सगळे स्वारगेटहून एस.टी.ने महाडला आजोळी निघायचो. ॲव्होमिनची अर्धी गोळी घरीच पोटात गेलेली असे. भोर सुटलं की आईच्या पिशवीतून बाकीची आयुधं निघत: आवळासुपारी, हुंगायला लिंबू आणि बुडाखाली घ्यायला वर्तमानपत्र. पेपरावर बसलं की गाडी लागत नाही, हा शोध कोणाचा कोण जाणे. पण आमच्याकडे पेपर कालचाच लागे, आजचा बाबांचा वाचून व्हायचा असायचा. वरंधा घाट सुरू झाला की माझ्या मागच्या खिडक्या धडाधड बंद होत. अनुभवी लोक.

वाघजाईपाशी गाडी थांबायची आणि अख्खी गाडी उतरून कांदाभजी खायची. तो तळणीचा वास, त्यात डिझेलचा, त्यात तापलेल्या रेक्झिनचा! मी दगडावर डोकं धरून बसलेली आणि काका समोर भज्यांचा कागद घेऊन उभे. "मनाचे खेळ आहेत. मनात आणलं नाही की काही होत नाही. घे, एक भजी घे."

एका वर्षी कंडक्टरलाच दया आली. दंडाला धरून त्याने मला पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर नेऊन बसवलं. "खाली बघायचं नाय. रस्त्याकडं बघ. वळण कुठनं येतंय ते बघत ऱ्हा." महाडपर्यंत कोरडी पोचले. काका म्हणाले, बघा, मनावर घेतलं की होतं.

कंडक्टरचं शास्त्र पुढे वाचलं तेव्हा अक्षरन् अक्षर बरोबर निघालं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गाडी वळली की त्यांतला द्रव हंड्यातल्या पाण्यासारखा हिंदकळतो आणि मेंदूला वर्दी जाते. डोळे मात्र पुढच्या बाकाची पाठ बघत असतात. ते म्हणतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. परवा सतरंजीवर माझं उलटं झालं: डोळे चेन्नईला वळत होते, कान पुण्यात. चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असतं, हात फिरायच्या आत मान तिकडे कलते, म्हणून तो सुटतो. घाटात निदान वळण दमाने येतं. ट्रॅकवर ब्रेक बसला की माणूस पट्ट्यात पुढे, लगेच डावीकडे, सावरतोय तोवर उजवीकडे. फॉर्म्युला वनमध्ये तर वळणावर अंगाच्या वजनाच्या चार-पाचपट जोर येतो. ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर सोळा वळणं, आणि २०११ ते २०१३ तिन्ही वर्षं तिथली शर्यत जर्मन चालक फेटेल जिंकला. त्याला आवळासुपारी लागली नाही. चालवत होता ना तो!

यात उलटीचा काय संबंध? १९७७ साली ट्रीझमन नावाच्या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला: डोळ्यांचं आणि कानांचं जुळेना की मेंदूला वाटतं विषबाधा झाली, काढा बाहेर. म्हणजे वरंध्यात माझा मेंदू आईच्या पुरीभाजीवर संशय घेत होता. हे आईला मी सांगितलेलं नाही.

काकांना मात्र सगळं सांगून झालंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८२ साली कर्णबधिर माणसांना गोल फिरवून घेतलेल्या चाचण्यासुद्धा. त्यांतल्या कितीतरी जणांना चक्कर येतच नव्हती. आता मन तर त्यांनाही होतंच की! काका म्हणाले, परदेशातलं काही सांगू नकोस.

माझा आक्षेप वेगळाच आहे. वरंधा ओलांडला की महाड यायचं. आजी दारात उभी असायची, माजघरात आढीचा वास असायचा. ओकलेल्याचं चीज व्हायचं. ट्रॅकवर पैसे भरून, हेल्मेट चढवून, टायरमागे वाकून माणूस पोचतो कुठे, तर जिथून निघाला तिथेच. भाची म्हणते, "मावशी, पोचायचं नसतंच गं कुठे." मला अजून पटलेलं नाही.

गाडीत पुढची सीट माझी, हा नियम मी लग्नकार्यांतही मोडत नाही. सहा फुटी जावईबापूंना मागे गुडघे छातीशी घेऊन बसवलंय, विहीणबाईंना एकदा भर उन्हात हडपसरपर्यंत. लोक बोलतात. बोलोत.

भाची सांगत होती, चालकाविना गाड्या आल्या की हा त्रास वाढेल, अशी तिच्या क्षेत्रातल्या लोकांना काळजी आहे. सुकाणू कोणाच्याच हातात नाही, म्हणजे सगळेच प्रवासी, आणि त्यातून सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. पुण्याच्या रस्त्यांवर ती गाडी कधी चालेल ते चालो. आली की पहिल्याच दिवशी मी काकांना घेऊन वरंध्याला जाणार आहे. मागच्या सीटवर, मधे बसवून. भजी मी देईन.